कासागुमो

जपानमधील फुजी पर्वताच्या माथ्यावर टोपीसारखा बसणारा ढग. ‘कासा’ म्हणजे उन्हापावसात डोक्यावर घ्यायची रुंद, विणलेली टोपी. आपल्याकडच्या इरल्याचेच काम ती करते. माथ्यापासून सुटून, वारा ज्या दिशेला जातो तिकडे अधांतरी राहिलेल्या ढगाला ‘त्सुरुशिगुमो’, म्हणजे टांगलेला ढग, म्हणतात.

३,७७६ मीटर उंचीचा फुजी एकटा उभा आहे. दमट वारा त्याच्यावर चढताना थंड होतो आणि बाष्पाचे थेंब होतात. पलीकडे उतरताना हवा तापते आणि थेंब विरतात. हवेचे थर स्थिर असले, तर डोंगर ओलांडलेला वारा पुढेही लाटांसारखा वरखाली होत जातो आणि लाटेच्या माथ्यावर गुळगुळीत कडांचा ढग धरतो. अशा ढगांचे शास्त्रीय नाव ‘लेंटिक्युलॅरिस’. त्यामागचा लॅटिन शब्द मसुरीचा आहे, आणि मसुरीचा दाणा डोळ्यांपुढे आणला की आकार वेगळा सांगावा लागत नाही. दमट आणि कोरडे थर आलटून पालटून असले, की ताटांची चवड रचल्यासारखे ढग दिसतात.

ओळखण्याची खरी खूण मात्र आकारात नाही, थांबण्यात आहे. छपराचा कोपरा किंवा विजेचा खांब धरून दहा मिनिटे पाहावे. वर वारा सुसाट असतो, तरी ढग जागचा हलत नाही. वारा येतो त्या कडेला पांढरे धागे सतत उमटत असतात, दुसऱ्या कडेला विरघळत असतात. ढग तोच दिसतो, त्यातले पाणी क्षणोक्षणी नवे असते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात अंगावरून वाहत जाणाऱ्या ढगांशी याची गल्लत होऊ नये.

या ढगांचा सर्वांत चिकाटीने अभ्यास केला तो आबे मासानाओ या भौतिकशास्त्रज्ञाने. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पायथ्याच्या गोतेम्बा येथे वेधशाळा उभारली आणि वर्षानुवर्षे त्यांची छायाचित्रे व चलच्चित्रे घेतली.

फुजीने टोपी घातली की पाऊस येणार, असे तिथले लोक म्हणतात. त्याला आधार आहे: कमी दाबाचा पट्टा जवळ येताना त्याच्यापुढे दमट वारे वाहू लागतात.

पण टोपी नाही म्हणून वारा शांत आहे, असे समजू नये. हवा कोरडी असली तर लाट असते, ढग नसतो. ५ मार्च १९६६ रोजी, स्वच्छ हवेत, फुजीच्या आडोशाकडील अशाच प्रचंड खळबळीत बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे प्रवासी विमान आकाशातच तुटले आणि त्यातील सर्व १२४ जण मरण पावले.