मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं?

'मॅगझिन बाहेर काढलं, आता भीती नाही.' परवानाधारकांच्या घरांत हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चुकीचं आहे, आणि या चुकीनं जीव जातात.

मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, असतात पुढच्या गोळ्या. आधीच चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी जिथून सुटते त्या जागी) चढलेलं काडतूस मॅगझिन काढल्यावरही जागच्या जागीच राहतं. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना ट्रिगर अडवणारी सोय असते, पण कोल्ट १९११ मध्ये किंवा ग्लॉकमध्ये ती नाही. त्यातही ग्लॉक साफसफाईसाठी खोलताना ट्रिगर दाबावाच लागतो. चेंबर न पाहता दाबला आणि आत काडतूस असलं, तर गोळी सुटणारच. 'साफ करताना आपोआप उडाली' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा घडलेलं असतं ते हेच.

क्रमही महत्त्वाचा. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे खेचायची. उलट केलं तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं आत चढतं. नंतर उजेडात चेंबर बघायचं, बोट घालून चाचपायचं. नळी या सगळ्या वेळात माणसाकडे नको, आणि टेबलावर काडतुसं नकोतच.

आता देखभालीचं. 'तेल जितकं जास्त तितकं चांगलं' हाही गैरसमजच. एसकेएस या रायफलची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते उडवणारी पिन, बहुधा स्प्रिंगशिवाय मोकळी असते. घट्ट ग्रीसमध्ये ती पुढे अडकली, तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बंद होतानाच, ट्रिगरला हात न लावता, गोळी सुटू शकते.