जुनी गाडी घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी बघायला येणारे बहुतेक जण आल्या आल्या बॉनेट उघडायला सांगतात. आमचं म्हणणं, आधी गाडीखाली वाका. इंजिन बिघडलं तर उतरवता येतं, बोअर करता येतं, पिस्टन-रिंगा बदलता येतात आणि नावाजलेल्या मॉडेलांचे हे भाग अजूनही नवे मिळतात. सडलेला पत्रा दुरुस्त करायचा तर गाडी पार उघडी करावी लागते. आतून किती सडलंय हे रंग काढल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, आम्हीसुद्धा नाही.

पत्रा

१९३०च्या आसपासच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चासी असते. मडगार्डला गंज लागला तरी अशा गाडीचा सांगाडा शाबूत असू शकतो. नंतरच्या मोनोकॉक गाड्यांमध्ये पत्रा हाच सांगाडा. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी (१९६२ ते १९८०) घ्या. तिच्या दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्या, म्हणजे सिल, गाडीचा भार पेलतात. छत नसलेल्या मॉडेलमध्ये तर त्यांच्यावरच जास्त भिस्त असते. गाडी जमिनीवर असताना दार उघडझाप करून बघा, मग जॅकवर उचलून पुन्हा बघा. दार अडकू लागलं किंवा फट कमीजास्त झाली, तर गाडी मधोमध वाकते आहे. वर कितीही चकचकीत रंग असो.

एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सोबत आणा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. थोडी पुट्टी सगळ्याच जुन्या गाड्यांत असते, तिला घाबरू नका. सिलवर आणि चाकांच्या कमानीत सापडली तर मात्र प्रश्न विचारा. मर्सिडीज ३०० एसएलच्या दारांना, बॉनेटला आणि डिकीच्या झाकणाला चुंबक चिकटणारच नाही, कारण ते भाग मुळात अ‍ॅल्युमिनियमचे होते. हातानं बांधलेल्या जुन्या बॉड्यांत पत्र्याखाली लाकडाची चौकट असते. तिथे दार अर्धवट उघडून वर उचला. बिजागरीच खांबासकट हलली तर लाकूड कुजलेलं आहे.

नंबर आणि कागद

जाहिरातीत आम्ही ‘मॅचिंग नंबर’ लिहितो ते एकाच अर्थानं: कारखान्यातून निघताना नोंदलेलं इंजिनच आजही गाडीत आहे. इंजिन बदललेलं असणं ही लबाडी नव्हे. गाडी वापरात असताना ते सर्रास बदललं जायचं. फक्त ते सांगितलं गेलं पाहिजे आणि किमतीत दिसलं पाहिजे. फोर्ड मॉडेल टीची (१९०८ ते १९२७) गोष्ट आणखी वेगळी. तिचा इंजिन नंबर हाच गाडीचा नंबर, त्यामुळे इंजिन बदललं की गाडीची ओळखच बदलते.

नंबर कोरलेली जागा नीट पुसून बघा. तिथे घासल्याच्या रेघा असतील किंवा आकडे वेडेवाकडे असतील, तर आमच्यासकट कुणाच्याही गोड बोलण्यावर जाऊ नका. जग्वारच्या बाबतीत जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून दाखला मिळतो. त्यात चासी आणि इंजिनचे मूळ नंबर, मूळ रंग आणि गाडी तयार झाल्याची तारीख असते. फेरारी २५० जीटीओ तर फक्त ३६ बनल्या, पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या त्याहून कितीतरी जास्त आहेत. अशी नक्कल, म्हणजे रेप्लिका, आम्हीही विकतो, चालवायला मजा येते. पाटीवर मात्र ‘रेप्लिका’ असंच लिहितो.

‘व्हिंटेज’ हा शब्द आम्ही १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांसाठीच वापरतो. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची पद्धत हीच. त्यानंतरच्या सगळ्या क्लासिक. ‘रिस्टोअर्ड’, म्हणजे दुरुस्त करून नव्यासारखी केलेली, असं लिहिलेलं असेल तर काम चालू असतानाचे फोटो मागा. उघड्या पत्र्याचा एकही फोटो नसेल, तर ते निव्वळ रंगकाम समजा. आणि मूळ रंग, मूळ सीट टिकून असलेली थोडी पिचकी गाडी मिळत असेल, तर ती नव्यासारख्या केलेल्या गाडीच्या आधी बघा, हे आमचं मत. रंग पुन्हा देता येतो, पहिला रंग नाही.

इंजिन

थंड असतानाच सुरू करायला लावा. तुम्ही येण्याआधी कुणी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरतंय. ऑइल प्रेशर गरम इंजिनवर बघा, थंडावर ते सगळ्यांचंच छान दिसतं.

घरी नेल्यावर

जुनी इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायची. त्या शिशाचा थर वॉल्व्हच्या सीटना, म्हणजे बंद होताना वॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडांना, जपायचा. हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, कठीण सीट बसवलेल्या नसतील तर लांब पल्ल्यावर सतत जोरात पळवू नका. पुढे हेड उघडाल तेव्हा सीट बदलून घ्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुने रबरी पाइप खातं आणि हवेतलं पाणीही ओढतं. गळका पाइप गरम इंजिनवर ठिबकला की आग लागते, म्हणून सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घाला. यात काटकसर नको.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवर शेवटचे चार आकडे ‘२३१९’ असतील तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा, तो काढूनच टाका. बॅटरी जोडताना अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर, कुठल्या टोकाला आहे ते आधी बघा. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. सित्रोएन डीएसमध्ये हायड्रॉलिक तेल लाल की हिरवं हे पाहिल्याशिवाय थेंबही ओतू नका. चुकीचं तेल गेलं तर आतली सगळी रबरी सील फुगून जातात.

पहिलीच जुनी गाडी असेल तर सुटे भाग मिळणारी घ्या. एमजीबीची अख्खी बॉडीसुद्धा १९८८पासून नवी बनवून मिळू लागली. फोक्सवॅगन बीटल २००३पर्यंत बनत होती, एकूण २ कोटी १० लाखांहून जास्त. दुर्मीळ गाडीचा एक मागचा दिवा शोधण्यात वर्षं जातात.

मॉडेल टी घेणाऱ्यांनी ताबा घ्यायच्या दिवशी निवांत वेळ काढून यावं. तिचा डावा पेडल गिअरचा, मधला रिव्हर्सचा आणि उजवा ब्रेकचा. अ‍ॅक्सिलरेटर स्टिअरिंगखालच्या दांडीवर. पायाला लागलेली सवय सुटेपर्यंत आम्ही शेजारी बसतो, मगच किल्ली देतो.