व्हिडिओ गेमचे व्यसन

खेळण्यावरचा ताबा सुटतो, झोप, अभ्यास, काम, नातीगोती यांची घडी विस्कटते आणि हे सगळे दिसत असूनही खेळ थांबत नाही, अशा अवस्थेला व्हिडिओ गेमचे व्यसन म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात त्यासाठी ‘गेमिंग डिसऑर्डर’ ही संज्ञा रूढ झाली आहे. मराठीत व्यसन हा शब्द चहापासून दारूपर्यंत कशालाही चालतो, आणि घोळ तिथेच होतो. सुट्टीत दिवसभर खेळणारा मुलगा आणि कॉलेज सोडून महिनोन्महिने खोलीत कोंडून घेतलेला तरुण या दोघांनाही आपण ‘व्यसनी’च म्हणतो. उपचारांची गरज दोघांना सारखी नसते.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने २०१३ साली ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत ‘इंटरनेट गेमिंग डिसऑर्डर’चा उल्लेख केला, पण मान्य विकारांत नव्हे, तर ‘अधिक संशोधन हवे’ अशा विभागात. तिथे नऊ लक्षणे दिली असून वर्षभरात त्यांतील किमान पाच दिसावीत अशी अट आहे. जागतिक आरोग्य संघटना पुढे गेली. तिच्या ‘आयसीडी-११’ या रोगांच्या वर्गीकरणाला २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. त्यात गेमिंग डिसऑर्डर जुगाराच्या विकाराशेजारी बसवला आहे. खेळण्यावर नियंत्रण न राहणे, इतर सगळ्यापेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे या तीन खुणा साधारण बारा महिने टिकल्या व त्यांमुळे जगणे खरोखर बिघडले, तरच निदान होते. लक्षणे तीव्र असतील तर हा काळ कमी धरता येतो. विकाराच्या पातळीला न पोहोचलेल्या ‘धोकादायक गेमिंग’साठी वेगळी नोंद आहे.

या निकषांत तासांचा आकडा नाही. घरोघरी वाद मात्र तासांवरूनच होतात.

खेळ सोडवत का नाही, याची काही उत्तरे खेळाच्या रचनेतच सापडतात. बक्षीस कधी मिळेल हे न कळणे, रोज हजेरी लावली नाही तर काहीतरी गमावण्याची भीती, संघातल्या सोबत्यांचा तगादा आणि कधीच न येणारा शेवट. पैसे मोजून नशीब अजमावायला लावणारे ‘लूट बॉक्स’ तर जुगाराच्या इतके जवळ जातात, की बेल्जियमने २०१८ मध्ये त्यांना जुगारविषयक कायद्याच्या कक्षेत आणले. खेळताना मेंदूत डोपामीन हे आनंद व ओढ यांच्याशी निगडित रसायन स्रवते हे १९९८ मधील एका प्रयोगात दिसले होते. त्याचा दाखला नेहमी दिला जातो, पण आनंद देणाऱ्या कितीतरी गोष्टींत ते स्रवते. तेवढ्यावरून रोग ठरत नाही.

सगळेच अभ्यासक या निदानाशी सहमत नाहीत. ‘आयसीडी-११’चा मसुदा चर्चेत असताना अनेक संशोधकांनी उघड आक्षेप घेतले. दारू-जुगाराचे निकष जसेच्या तसे इथे लावले आहेत, आणि नैराश्य किंवा एकटेपणाने ग्रासलेला माणूस खेळात आसरा शोधत असेल तर खेळ हे कारण नसून लक्षण आहे, असा त्यांचा मुद्दा. तो सहज झटकण्याजोगा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुरुवातीला निकषांत बसलेल्यांपैकी एकही जण सहा महिन्यांनी त्यांत बसला नाही. विकाराचे प्रमाणही मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलते. काटेकोर पाहणीत ते एक-दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी येते आणि पुरुषांत अधिक आढळते.

मग तज्ज्ञाकडे कधी जावे? परीक्षा संपल्यावर, नोकरी लागल्यावर किंवा घरात नियम घातल्यावर खेळ आपोआप आवरत असेल, तर दवाखान्याची गरज नाही. स्वतः ठरवूनही पुन्हापुन्हा जमत नसेल, खोटे बोलणे, पैसे उधळणे, रात्र-दिवस उलटेपालटे होणे सुरू झाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जावे. नैराश्य, सामाजिक भीती, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा व अतिचंचलतेचा विकार) यांची तपासणी तिथे आधी होते; मुळाशी यांतले काही निघाले तर त्यावरचा उपचार खेळाचा प्रश्नही बराच हलका करतो.

उपचारांत सर्वाधिक पुरावा बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे सीबीटीचा आहे. तलफ कधी येते, तिच्या आधी मनात काय चालू असते आणि रिकामी झालेली वेळ कशाने भरायची, यावर त्यात काम होते. जर्मनी व ऑस्ट्रियात १४३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के जण लक्षणमुक्त झाले. उपचारांच्या प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. खास या विकारासाठी मान्यता मिळालेले औषध नाही. दारूप्रमाणे संपूर्ण वर्ज्य हे ध्येयही सहसा नसते. नेमका जो खेळ सुटत नाही तेवढा सोडून स्क्रीनशी व्यवहार ठेवावाच लागतो.

मोबाइल हिसकावणे, वायफाय तोडणे हे उपचार नव्हेत. त्यातून भांडणे पेटतात आणि खेळ लपून सुरू होतो. मारहाण, आत्महत्येचे बोल किंवा अन्नपाण्याची शुद्ध हरपणे दिसले, तर बारा महिन्यांचा हिशेब न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी रुग्ण यायलाच तयार नसेल, तर पालकांनी किंवा जोडीदाराने एकट्याने समुपदेशन घेतले तरी चालते. पुष्कळदा सुरुवात तशीच होते.