'आम्लीकरण' : शब्दाची पार्श्वभूमी

आंबट करणे या अर्थाचे मराठीतले जुने क्रियापद 'आंबवणे' हे आहे. मात्र ते चवीशी आणि सूक्ष्मजीवांच्या कामाशी इतके जखडले गेले आहे की, यीस्ट घालून फुगवलेले पीठ फारसे आंबट नसले तरी ते आंबवलेलेच ठरते. रसायनशास्त्राला जिभेवर न विसंबणारा शब्द हवा होता. ती सोय 'आम्लीकरणा'ने केली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑक्सिजन हे आम्लतेचे मूळ मानले गेले आणि त्याचे नावही 'आम्ल निर्माण करणारा' याच अर्थाने पडले. १८१० च्या सुमारास हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही हे उघड झाले. समजूत गेली, नाव राहिले. १९०९ मध्ये पीएच ही आम्लता मोजणारी श्रेणी (७ म्हणजे उदासीन, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) आल्यावर हायड्रोजन आयनांचे प्रमाण वाढून पीएच उतरणे, एवढाच आम्लीकरणाचा नेमका अर्थ उरला. दुधाचा पीएच साधारण ६.७ वरून ४.६ पर्यंत उतरला की त्यातील केसीन हे प्रथिन साकळते. हे जिवाणूंनी घडवले काय किंवा थेट आम्ल ओतून घडले काय, आम्लीकरण दोन्हीकडे आहे, आंबवणे मात्र पहिल्यातच.

खरा वाद २००३ नंतर 'महासागरांचे आम्लीकरण' हा शब्दप्रयोग रूढ झाल्यावर पेटला. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषल्यामुळे औद्योगिक काळात समुद्रपृष्ठाचा सरासरी पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. आक्षेप असा की, ७ च्या वरचे पाणी आम्लारिधर्मीच, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, असते, मग आम्लीकरण कसले? हा आक्षेप दिसतो तितका भक्कम नाही. उकळते पाणी ऐंशी अंशांवर आले तर ते निवू लागले असे आपण म्हणतोच, गार झाले असे म्हणत नाही. शिवाय श्रेणी लॉगरिथमिक, म्हणजे दर एका अंकाला दहा पट फरक दाखवणारी, असल्याने ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे पाव पट वाढ. 'अल्कता घटली' हा सुचवला जाणारा पर्याय तर अधिकच फसवा आहे, कारण सागरविज्ञानात अल्कता ही आम्ल पचवण्याची क्षमता मोजणारी स्वतंत्र राशी असून नुसता कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने ती बदलत नाही. वाढलेले हायड्रोजन आयन कवचासाठी लागणाऱ्या कार्बोनेटला बांधून घेतात आणि शिंपल्या-प्रवाळांना कवच घडवणे जड जाते. त्यासाठी पीएच ७ च्या खाली जावा लागत नाही. 'समुद्र आम्लधर्मी झाला' असे मथळे छापले जातात, ते मात्र चूकच.