एकांत आवडणाऱ्या माणसाला शाईचं पेन देताना

चारचौघांत कमी बोलणारा माणूस लाजाळूच असतो असं नाही. त्याला एकटं बसायला मनापासून आवडतं. म्हणून त्याला माणसांत ओढणारी भेट नको, त्याच्या त्या निवांत तासाला साथ देणारी हवी. शाईचं पेन, दौत आणि एक चांगली वही हा संच आम्ही त्यासाठी आवर्जून सुचवतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती निब निवडताना. दुकानात मीडियम निब गुळगुळीत चालते म्हणून तीच उचलली जाते. पण बारीक अक्षरात मराठी लिहिताना तिच्यामुळे 'ध' आणि 'भ' यांच्या माथ्यावरची फट बुजते. मग 'ध'चा 'घ' दिसतो, 'भ'चा 'म' होतो आणि 'द्ध', 'ष्ट्र' नुसते डाग वाटतात. मराठी लिहिणाऱ्यासाठी फाइन, म्हणजे बारीक टोकाची निबच घ्या. अक्षर टपोरं असेल तर मीडियम चालेल. डावखुऱ्यांचा हात ओल्या शाईवरून सरकतो, त्यांना फाइन निबसोबत लवकर वाळणारी शाई आणि टिपकागद द्या.

पहिलंच पेन असेल तर कन्व्हर्टरवालं, म्हणजे दौतीतून शाई ओढून घेणारी छोटी नळी आत असलेलं बरं. त्यात साधारण पाऊण मिली शाई मावते, म्हणजे ३० मिलीची दौत चाळीसेक वेळा भरायला पुरते. ड्रॉपरने भरायच्या पेनात दोन ते चार मिली मावते खरी, पण शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबमधून थेंब पडतो. असं पेन अर्ध्याच्या खाली जाऊ न देता भरत राहावं.

वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र चुकूनही नको. तिच्यात बहुधा लाख (चिकट राळ) असते, ती जिभेत, म्हणजे निबखालच्या शाई आणणाऱ्या भागात वाळली की पेन कायमचं बसतं. 'फाउंटन पेनसाठी' असं लिहिलेलीच दौत घ्या.

वही ९० ते १०० जीएसएमची (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम), कोरी किंवा फिकट आखलेली. झेरॉक्सच्या ७० जीएसएम कागदावर शाई फुटते, पावसाळ्यात दमट झालेल्या कागदावर तर जास्तच. तारखा छापलेली डायरी टाळा, चार दिवस लिहिलं नाही की ती कोरी पानं टोचत राहतात.

नव्या पेनात कारखान्यातलं तेल उरलेलं असू शकतं आणि त्याने शाई तुटक उतरते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून तीन-चारदा ओढा-सोडा, मग साध्या पाण्याने धुऊन रात्रभर निब खाली करून फडक्यावर ठेवा. गरम पाणी नको, प्लॅस्टिक वाकडं होतं. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून खोक्यात ठेवा. पेन शाई न भरताच द्या, म्हणजे पहिल्यांदा शाई भरण्याची मजा त्यांना मिळेल. आणि सगळ्यांसमोर खोका उघडायचा आग्रह नको.

पंधरा-वीस दिवस लिहूनही निब खरखरत असेल तर घरी पॉलिश पेपरवर घासू नका, टोकावरचा कठीण धातूचा दाणा झिजतो. पेन आमच्याकडे आणा, भिंगाखाली निबच्या टोकाच्या दोन्ही पाकळ्या जुळवून देतो.