टीएमएस म्हणजे ‘शॉक’ नव्हे
“चुंबकाचा उपचार म्हणजे शॉकच, फक्त नाव नवं,” हे टीएमएसबद्दल (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदू चेतवण्याचा उपचार) वर्षानुवर्षं कानावर येतं. तसं नाही. शॉकच्या उपचारात भूल देऊन विजेने मेंदूत मुद्दाम झटका (फिट) आणतात. टीएमएसमध्ये माणूस खुर्चीत चक्क जागा असतो. कपाळाच्या डाव्या बाजूला, जरा वर कॉइल (चुंबकीय स्पंद देणारं तारेचं वेटोळं) टेकवतात. टकटक आवाज होतो (कानात बोळे हवेतच) आणि डोक्यावर कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये शास्त्रज्ञ अँथनी बार्कर यांनी १९८५ साली हे तंत्र दाखवलं. अमेरिकेत नैराश्यासाठी २००८ मध्ये मान्यता मिळाली.

उलटी अफवाही खोटीच: मेंदूला मार लागून गेलेली स्मरणशक्ती चुंबक परत आणतो. त्याचे पुरावे अजून तुटपुंजे आहेत. शिवाय अशा रुग्णांत फिट येण्याचा धोका जास्त, आणि डोक्यात शस्त्रक्रियेत बसवलेली, चुंबकाकडे ओढली जाणारी धातूची क्लिप असेल तर हा उपचार नकोच.