मोती लॉकरमध्ये गेले, त्याआधीची आणि नंतरची गोष्ट

मोती कसे जपायचे यावर आज जेवढं सांगितलं जातं, त्यातलं निम्मं एका जातीच्या मोत्यासाठी होतं आणि आपण ते भलत्याच मोत्यावर वापरतोय, म्हणून थोडं मागचं.

जुन्या संस्कृत रत्नपरीक्षेत खरा मोती ओळखायची रीत आहे. मीठ घातलेल्या कोमट तेलपाण्यात रात्रभर ठेवायचा, मग कापडात धरून भाताच्या तुसाने चोळायचा, तेज टिकलं तर खरा. (म्हणजे बनवाबनवी तेव्हाही जोरात होती!) आजच्या मोत्यावर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका. तो मोती समुद्रातला, नैसर्गिक, गाभ्यापर्यंत थरावर थर असलेला, त्याला एवढं सोसायचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या आखातातला मोत्यांचा माल मुंबईत यायचा, इथे हाताने भोकं पाडून, प्रतवारी लावून, रेशमात ओवून, चांदीच्या तारेचे गोंडे लावून जुडग्यांनी पॅरिस-लंडनला जायचा. भाव वजनाच्या वर्गाने चढायचा (वजन दुप्पट तर भाव चौपट), त्यामुळे भोक जेवढं बारीक तेवढं वजन कमी घटणार आणि तेवढा फायदा, आणि म्हणूनच घरातल्या जुन्या तन्मणीच्या सरात आज साधी सुई शिरत नाही. मग जपानी कल्चर मोती, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले, आले (अर्धे मोती 1893 मध्ये, गोल मोती बाजारात खऱ्या अर्थाने 1920च्या दशकात), पाठोपाठ 1929ची मंदी, आणि आखाताचा धंदा बसला तो बसलाच.

कल्चर मोत्याच्या आत शिंपल्याचा मणी असतो आणि वर मोत्याचा थर, तो किती जाड यावर सगळा खेळ. सुरुवातीला शिंपला दोन-तीन वर्षं पाण्यात ठेवायचे, पुढे घाई वाढली आणि काही माल वर्षाच्या आतच बाहेर निघायला लागला. जपानमधली निर्यातीआधीची सक्तीची सरकारी तपासणीही 1990च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. माझ्या मते निगेच्या इतिहासातला सगळ्यात वाईट निर्णय हाच, पण व्यापारी म्हणतील बाजार आपला आपण दर्जा ठरवतो. पातळ थराचा मोती सेंट आणि घामाने चारपाच वर्षांत भोकाशी सोलायला लागला की ज्याने घेतलाय त्यालाच कळतं बाजाराने काय ठरवलं ते. गंमत म्हणजे ज्याला स्वस्त म्हणून नाकं मुरडतात त्या चिनी गोड्या पाण्याच्या मोत्यात बहुतेक वेळा मणी नसतो, सगळा थरच, त्यामुळे तो जास्त चिवट.

आता लॉकर. पूर्वी मोती सणासमारंभाला अंगावर यायचे, उतरवले की मऊ सुती कापडाने पुसून डब्यात, आणि धागा ढिला वाटला की पटवेकऱ्याकडून (दागिने ओवून देणाऱ्याकडून) गाठवून आणायचे. मग चोऱ्यांची भीती आणि फ्लॅटमधलं राहणं आलं आणि सोन्याबरोबर मोतीही बँकेत गेले. सोन्याला काही होत नाही, तिथेच फसगत. मोती म्हणजे बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट, थोडं प्रथिन आणि 2 ते 4 टक्के पाणी, फार कोरड्या जागी वर्षानुवर्षं पडला तर बारीक तडे जाऊ शकतात. त्यात चांदी काळी पडू नये म्हणून लोक ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात, त्याच डब्यात नथ! शिवाय सराफाचा गुलाबी कागद, ओल लागली की रंग सोडणारा, आणि त्यावर झिपलॉकची पिशवी. लॉकरमध्ये पाण्याची वाटी ठेवा असा एक सल्ला फिरतो, मला तो पटत नाही, पावसाळ्यात मुंबई-कोकणात आधीच दमट असतं आणि रेशीम कुजतं ते वेगळंच. त्यापेक्षा वर्षातून दोनदा काढून दिवसभर घाला, आणि ठेवताना सुती पिशवीत, आडवे, टांगून नको, धागा ताणतो.

1 जानेवारी 2022पासूनच्या लॉकर नियमांत आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर वर्षाच्या भाड्याच्या 100 पटींपर्यंत भरपाई आहे, पण मोत्याला तडे गेले तर कोणी विचारत नाही. आणि 7 वर्षं लॉकर उघडलाच नाही तर बँक तो फोडू शकते, भाडं वेळेवर भरत असलात तरी.

सराफाकडचं एक राहिलं. जुनी नथ उजळायला दिली की काही ठिकाणी मोती न काढताच तेजाबात (ॲसिडमध्ये) बुडवतात किंवा डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, ज्योत लावतात, अल्ट्रासॉनिक मशीन तर सर्रास. देतानाच मोती काढून घ्या म्हणून सांगा, ओवणावळ वेगळी पडेल, पडू दे.